अकरा मिनिटांचं रीळ

माझ्या साडूचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला सज्जन समजायची चूक करणार नाही. एकतीस वर्षं वाटतोय. त्याला काही सबळ कारण आहे का म्हणाल, तर तेही नाही. तो माझ्याहून बुटका आहे, टक्कल त्याला माझ्याआधी पडलं, आणि शिक्षणाच्या नावानं त्याच्याकडे शाळा सोडल्याचा एक दाखला आहे. माझ्याकडे पदविका आहे. ती बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेली आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याखालच्या खुर्चीत बसतो आणि मला विचारतो, काय, तुमचे साडू काय म्हणतात?

माझ्या सासऱ्यांना दोन मुली. थोरली मी केली आणि पुढची अडीच वर्षं त्या घरचा एकुलता एक जावई म्हणून मिरवलो. मिरवलो म्हणजे काय, सासरे “बसा” म्हणायचे आणि निघताना “निघालात?” म्हणायचे. तेवढ्यावरही मी खूश होतो. मग धाकटीनं याला आणला. पहिल्याच भेटीत यानं कुणाला न विचारता भिंतीवरचं बंद घड्याळ उतरवलं, स्वयंपाकघरातल्या सुरीच्या टोकानं उघडलं आणि चहा यायच्या आत चालू करून परत टांगलं. सासरे हसले. मी त्यांना हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आता ते घड्याळ बंद आहे ही गोष्ट त्यांच्या लक्षात कुणी आणून दिली होती? मी. पण ते कुणाला आठवत नाही.

आणि त्याला नोकरीला कुणी लावलं? तेही मीच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

आमचं कार्यालय नद्यांचं पाणी मोजतं. दोनशे ठाण्यांवरून दर पाव तासाची पाण्याची उंची आमच्याकडे येते. पूर्वी ती सगळी चुंबकी टेपच्या रिळांवर साठवायचे. जेवणाच्या ताटाएवढं रीळ, त्यावर अर्धा इंच रुंदीची तपकिरी फीत, चोवीसशे फूट लांब. ती रिळं लिहिणारं मशीन कपाटाएवढं होतं आणि ते चालवायला माणूस हवा होता. मी साहेबांकडे साडूचं नाव सुचवलं. मनात असं होतं की हा माझ्या हाताखाली येईल, चार लोकांसमोर मला ‘साहेब’ म्हणेल. झालं उलटंच. तो मला चार लोकांसमोरसुद्धा ‘दादा’ म्हणायचा, आणि हळूहळू सगळं कार्यालय मला दादा म्हणायला लागलं.

एकोणीस वर्षं त्यानं ते मशीन चालवलं. एकोणीस वर्षांची अठ्ठेचाळीस रिळं झाली. प्रत्येकाच्या डब्यावर त्याच्या चौकोनी अक्षरातली चिठ्ठी. दर सहा महिन्यांनी तो प्रत्येक रीळ मशीनवर चढवायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा, नाहीतर फीत फितीला चिकटून बसते. एक रीळ उलगडायला अकरा मिनिटं लागायची. हे मला कसं माहीत? जगाला माहीत आहे. कारण या माणसानं घड्याळ बघणंच सोडलं होतं. त्याचं सगळं रिळात चालायचं. घर कार्यालयापासून दोन रिळांवर. अंडी अर्ध्या रिळात, बटाटे दीड रिळात. दाढीला पाऊण रीळ. मशीन बंद पडून ते भंगारात गेलं, साडूची बदली त्या रिळांसकट तळमजल्यावरच्या साठवणीच्या खोलीत झाली, तरी भाषा तीच राहिली. सासूबाई फोनवर म्हणायच्या, “एका रिळात पोचते.” माझी पोरं त्याला रीळकाका म्हणतात. माझी स्वतःची बायको, माझ्या घरात, माझ्या शेगडीवर पातेलं ठेवून म्हणते, “दीड रीळ थांबा.” सांगा, पोटात दुखणार नाही तर काय होईल?

मी पण काही हात बांधून बसलो नव्हतो. माझं एक कोष्टक होतं. जुन्या यंत्रांच्या वेगाचे आकडे नेहमी गोंधळात टाकणारे असतात. कुणी बिटमध्ये सांगतो, कुणी बाइटमध्ये. बाइट म्हणजे एक अक्षर आणि एका अक्षरात आठ बिट, म्हणून बिटचा आकडा आठनं भागला की अक्षरं मिळतात. जुन्या डिस्कचा वेग सेकंदाला पन्नास लाख बिट म्हणजे सव्वासहा लाख अक्षरं. टेलिफोनच्या तारेवर मात्र दर अक्षरामागे दोन बिट जास्तीचे जातात, तिथं दहानं भागायचं. हे सगळं मी सुबक टाइप करून, प्लास्टिकमध्ये घालून माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लावलं होतं. त्याला अकरा ओळी होत्या. एका सकाळी येऊन बघतो तर खाली कडेला पेन्सिलीनं चौकोनी अक्षरात लिहिलेलं, ‘टेपला लागू नाही.’ मी ते खोडरबरानं खोडलं आणि कुणाला काही बोललो नाही. पण तेव्हापासून ती जागा जरा काळपट दिसायची.

या वर्षी वरून पत्र आलं. पुलांचे आराखडे करणाऱ्यांना जुन्या पुरांची उंची हवी आहे, तेव्हा रिळांवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवा. दुसऱ्या एका खात्याकडे टेप वाचणारं एकच चालू मशीन उरलेलं होतं. ते आम्हाला सोमवार आणि मंगळवार असे दोन दिवस मिळणार होतं, दिवसाला सात तास. मग ते जाणार होतं ते कायमचं. साठवणीची खोलीही त्याआधी, शुक्रवारी रिकामी करायची होती. तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, मला लेखी विचारलं की चौदा तासांत किती रिळं वाचून होतील. जी होणार नाहीत ती शुक्रवारीच रद्दीत जाणार होती.

साडूला निवृत्तीला पाच महिने राहिले होते. त्याची एकोणीस वर्षं त्या खोलीत होती आणि ती राहणार की जाणार ते माझ्या एका आकड्यावर होतं. एवढं सुख मला सासरच्या कुणी कधी दिलं नव्हतं.

मी हिशेब केला. मशीनच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, एका इंचात सोळाशे बिट, फीत सेकंदाला पंचेचाळीस इंच धावते. सोळाशे गुणिले पंचेचाळीस, बहात्तर हजार. भागिले आठ, नऊ हजार अक्षरं सेकंदाला. एका रिळात चार कोटी अक्षरं. म्हणजे चौऱ्याहत्तर मिनिटं एका रिळाला, चढवाउतरवायची सहा, झाली ऐंशी. चौदा तासांत दहा रिळं. मी दहाच्या खाली दोन रेघा ओढल्या.

बाईंच्या खोलीत कागद वाचून दाखवला तेव्हा साडू दाराशी रिळांची यादी घेऊन उभा होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण न विचारता घड्याळं उतरवायची सवय.

“इथं आठनं भागायचं नाही, दादा,” तो म्हणाला. “टेपवर बिट एकामागे एक नसतात. नऊ जण आडवे, खांद्याला खांदा लावून उभे असतात. आठांचं मिळून एक अक्षर, नववा चूक पकडणारा पहारेकरी. म्हणजे इंचात सोळाशे ती अक्षरंच झाली. आणि रीळ अकरा मिनिटांत संपतं, हे तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं. माझ्या घरातल्या पातेल्यांनासुद्धा माहीत होतं. पण तो ते बाईंसमोर, दारात उभा राहून, मान जराशी तिरकी करून म्हणाला. मी म्हणालो की अकरा मिनिटं नुसतं उलगडायला लागतात, वाचायला किती लागतात ते गणित सांगतं, आणि गणित मी शिकलोय. बाईंनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्या कागदावरच्या दोन रेघांकडे पाहिलं आणि सही केली. दहा कुठली ठेवायची ते त्यानंच निवडावं, असं मी सुचवलं. हे त्याच्या मानाचं आहे असंही वर म्हणालो.

दोन दिवस तो तळमजल्यावर स्टुलावर बसून निवडत होता. मी काही ना काही निमित्त काढून दोनदा खाली जाऊन आलो. एक डबा डाव्या ढिगावर ठेवायचा, उचलून उजव्यावर ठेवायचा, पुन्हा डाव्यावर. गुरुवारी सकाळी त्यानं दहा रिळं माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि खाली निघून गेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

पण त्याच सकाळी घरून निघताना बायकोनं बटाटे टाकले होते. “दीड रीळ,” ती म्हणाली होती, आणि माझी नजर आपसूक मनगटावरच्या घड्याळाकडे गेली होती. साडेसोळा मिनिटांनी बटाटे उकडले होते. ते बटाटे डोक्यातून जाईनात.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी दार लोटून घेतलं. आमच्याकडे एक छोटी बाटली असते, तिच्यात लोखंडाची अगदी बारीक भुकटी कालवलेलं पाणी. टेपवर लावून वाळवलं की जिथं काही लिहिलेलं असेल तिथं भुकटी चिकटते आणि लिहिलेलं डोळ्यांनी दिसतं. मी ढिगातलं सगळ्यात वरचं रीळ घेतलं. सुरुवातीची कोरी फीत सोडली, जिथून लिहिणं सुरू होतं ती चंदेरी खूण सोडली, आणि तिच्या हातभर पुढं ते पाणी लावलं. फुंकर घालून वाळवलं. भिंग धरलं.

फितीच्या रुंदीत बारीक करड्या रेघा होत्या, एकीखाली एक, शेतातल्या सरींसारख्या. मी मोजल्या. नऊ. खालून वर मोजल्या. नऊ. भिंग पुसून पुन्हा मोजल्या.

तेवढ्यात बाहेर कुणाचीतरी खुर्ची सरकली. चोराच्या मनात चांदणं. मी घाईघाईनं फीत गुंडाळली, रीळ डब्यात घातलं, बाटली कपाटात ठेवली. खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. बाईंची खोली माझ्यापासून सतरा पावलांवर आहे. जाऊन एवढंच म्हणायचं होतं की माझं चुकलं, साडू म्हणतो ते बरोबर आहे. ‘माझं चुकलं’ हे मला म्हणता आलं असतं. ‘साडू म्हणतो ते बरोबर आहे’ हे सासूबाईंनी, सासऱ्यांनी, पोरांनी एकतीस वर्षं म्हटलेलं मी ऐकलं होतं. आता ते माझ्याच तोंडून ऐकणं मला जमलं नाही. मूग गिळून बसलो.

संध्याकाळी जेवताना बायकोनं वाढता वाढता विचारलं. तिच्या कानावर बहिणीकडून सगळं आलं होतं.

“तुमचा तो भागाकार बरोबर आहे ना?”

माझ्या तोंडाकडे बघून विचारलं तिनं.

“हो,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. शुक्रवारी दुपारी रद्दीचा टेम्पो आला आणि साडूनं स्वतः अडतीस डबे त्यात चढवले. टेम्पोबरोबर तोही बसून गेला. मला वाटलं, पोचवायला गेला असेल शेवटचं.

सोमवारी मशीन आलं. साडूनं बाह्या सरसावल्या आणि पहिलं रीळ चढवलं. त्याची एक जुनी खोड आहे. फीत मशीनमध्ये ओवताना पहिले काही हात तो अंगठा आणि बोट यांच्यामधून सरकवत बघतो, कुठं सुरकुती आहे का, कचरा आहे का. चंदेरी खूण गेली. हातभर पुढं जाऊन त्याची बोटं थांबली.

मी पुसायला विसरलो होतो. धुळीचा एक कण मशीनचं वाचणारं टोक खराब करतो, असं अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांना बजावणाऱ्या मी लोखंडाची भुकटी फितीवर तशीच ठेवून दिली होती.

त्यानं बोटाचं टोक बघितलं. फीत उजेडात धरली आणि त्याचे ओठ हलले, मोजताना हलतात तसे. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. नुसता हात पुढं केला आणि म्हणाला, “दादा, जरा चिकटपट्टी द्या.”

मी दिली. त्यानं पट्टीचा तुकडा भुकटीवर दाबला, अलगद उचलला, एका पांढऱ्या कार्डावर चिकटवला आणि कार्ड शर्टाच्या खिशात घातलं. मग कापसानं आणि स्पिरिटनं ती जागा दोनदा पुसली. काय होतं, असं बाईंनी विचारलं. धूळ होती, म्हणाला, आणि बटण दाबलं.

रीळ फिरायला लागलं. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. दहा मिनिटं बेचाळीस सेकंदांनी फीत संपली. सगळी अक्षरं नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरली होती. बाईंनी माझा कागद काढला, चष्मा लावला, दोन रेघांपर्यंत वाचला.

“चौऱ्याहत्तर म्हणाला होतात तुम्ही,” त्या म्हणाल्या. “असं असेल तर दोन दिवसांत सगळी झाली असती. अडतीस रिळं आपण रद्दीत दिली.”

साडूचं वाटोळं व्हावं असं मला कितीदा तरी वाटलं असेल, पण प्रत्यक्ष झालेलं असं दिसेल, मशीनशेजारच्या रिकाम्या टेबलासारखं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

“आहेत,” साडू म्हणाला. “दादांच्या घरी आहेत. माझ्या भिंतींना ओल येते. त्यांची खोली कोरडी.”

बाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांचा भलताच समज झाला. त्या मला म्हणाल्या की स्वतःच्या हिशेबावरसुद्धा आंधळेपणानं न विसंबणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मी तोंड उघडलं. साडू पुढचं रीळ चढवत होता, त्याची पाठ माझ्याकडे होती. मी तोंड मिटलं.

टेम्पो घेऊन घरी गेलो. बायकोनं दार उघडलं आणि मी काही विचारायच्या आत पलंगाची चादर वर केली. खाली अडतीस डबे होते, खाली जुनं गोधडं अंथरून, तीन तीनच्या थरांनी, चौकोनी अक्षरं बाहेरच्या बाजूला. तीन रात्री मी त्याच्या एकोणीस वर्षांवर पालथा पडून घोरत होतो.

“मला सांगायचं नाही का?” मी म्हणालो.

“गुरुवारी विचारलं होतं की तुम्हाला,” ती म्हणाली आणि वाकून पहिला डबा ओढला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. आम्ही दोघांनी मिळून डबे बाहेर नेले.

मंगळवारी शेवटचं, अठ्ठेचाळिसावं रीळ संपलं तेव्हा मशीन परत द्यायला चोवीस मिनिटं उरली होती. साडू म्हणाला, दोन रिळं आणि वर चहा. सगळे हसले. बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, पत्रात माझं नाव घातलं. टाळ्या वाजल्या, त्यात त्याच्याही होत्या. तुम्हाला वाटेल आता तरी याचं जळणं थांबलं असेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. उलट माझ्या मनात हेच आलं की एवढं सगळं कळूनही याला शांत कसं बसता येतं, आणि हे तरी मला का जमू नये.

बुधवारी सकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. खिशातून कार्ड काढलं आणि माझ्या कोष्टकाखाली, मी खोडलेल्या त्या काळपट जागेवर, टाचणीनं लावलं. पांढऱ्या कार्डावर नऊ करड्या रेघा.

“मोजा हवं तर,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पण तुम्ही मोजल्यात.”

तो दारापर्यंत गेल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, माझ्या बायकोला हे सांगितलंस का?

“नाही. ताईंनी मला काहीच विचारलं नाही,” तो म्हणाला. “टेम्पो दारात उभा केला आणि म्हटलं, दादांचं गणित चुकलंय. त्या म्हणाल्या, पलंगाखाली ठेवा.”

तो गेला. पाच महिन्यांनी निवृत्तही झाला. कार्ड अजून तिथंच आहे. नवीन आलेले लोक विचारतात तेव्हा मी टेपचा नमुना आहे म्हणून सांगतो. घरी बायको अजून पातेलं ठेवून रिळं मोजते आणि मी गप्प बसून थांबतो. भागाकार, रेघा, बाईंचं कौतुक, हे सगळं एक वेळ विसरेन. पण मला तिनं विचारलं होतं, बरोबर आहे ना. त्याला विचारलंच नव्हतं.